हद्दीच्या दगडाअलीकडची खोली

दिवाळीनंतर कोण कुठे जाऊन आलं याची चौकशी आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये होते. या वर्षी कुणी काश्मीरला गेलं होतं, कुणी दुबईला, आणि खालच्या मजल्यावरचे शहाभाई व्हिएतनामला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "उत्तनला." सगळे हसले आणि शहाभाईंनी पुन्हा विचारलं, "नहीं, सच में किधर गये थे?" मी पुन्हा उत्तनच सांगितलं, चार दिवस राहून आलो असंही सांगितलं. त्यावर शहाभाईंनी माझ्याकडे जरा कळवळ्याने पाहिलं. घरात भांडण होऊन माणूस बाहेर राहायला गेला असावा, असा त्यांचा समज झालेला दिसला.

म्हणून हे लिहायला बसलोय. मीरा रोडच्या आमच्या सिल्व्हर पार्कमधली बहुतेक मंडळी उत्तनला जाऊन आलेली आहेत, पण रविवारी संध्याकाळी, गाडीत बसून, काचा वर करून. तिथे जाऊन झोपलेलं कुणी माझ्या माहितीत नाही.

निमित्त

आमच्या कोपऱ्यावर म्हावरं घेऊन बसणारी फिलोमिना, म्हणजे फिलू, आणि माझी बायको निर्मला यांचं भांडण कित्येक वर्षं चालू आहे. निर्मला भाव पाडते. फिलू म्हणते, "बोंबील काय माजे बापाचे झाडाला लागतान?" मग दोघी जरा वेळ एकमेकींकडे बघत नाहीत, आणि व्यवहार झाला की एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

दिवाळीआधी एकदा फिलू टोपलीशेजारी नुसतीच बसून होती, उजवा खांदा दाबत. भाव सांगायलाही तयार नव्हती. "ताई, ह्यो खांदा आता टोपली घेवाला बगत न्हाय," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं निघालं. शहराच्या हद्दीवरच्या गावांत पर्यटन वाढावं म्हणून सरकारी पैसे द्यायची एक योजना आली होती. गावाला त्यातून काही गोष्टी मिळाल्या, आणि ज्यांना घरी पाहुणे ठेवायचे असतील त्यांना एक खोली बांधायला मदत. पहिल्या हप्त्यात फिलूची खोली उभी राहिली. दुसऱ्या हप्त्यात खोलीला न्हाणीघर आणि संडास व्हायचा होता. पण खोलीत खरोखर पाहुणे येतात हे तपासणीत दिसल्याशिवाय दुसरा हप्ता मिळणार नव्हता, आणि संडास नसलेल्या खोलीत पाहुणा काही फिरकत नव्हता.

"सोमवारी तपासनीची मॅडम येनार हाय," फिलू म्हणाली. "तुमी दोगा येऊन राहा ना. पैसे नको."

"फुकट असेल तर मी येणार नाही," निर्मला म्हणाली. "तू भाव सांग. मी पाडते."

तिथेच कोपऱ्यावर उभ्याने आमचं बुकिंग झालं.

मुर्धा ओलांडल्यावर

माझं मूळ गाव कोरेगावकडचं, सातारा जिल्ह्यातलं. तिकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात प्रवास म्हटलं की कानटोपी येतेच. मी बॅगेत कानटोपी, टॉर्च, दोरी, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि दोन स्वेटर भरले. निर्मलाने एक साडी, एक गाऊन आणि रिकामी पिशवी घेतली. रिकामी पिशवी येताना सुके बोंबील आणायला.

भाईंदरहून बस सुटली. मुर्ध्यापर्यंत मी खिडकीतून नव्या इमारतींचे बोर्ड वाचत होतो. जिथे पूर्वी मिठागरं होती तिथे आता 'क्रीक व्ह्यू' मिळणार होता. राई गाव मागे पडलं, झाडं वाढली, आणि हवेत वाळत्या मासळीचा तो वास सुरू झाला. निर्मलाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने रुमाल काढला. मी कुठल्या बाजूला आहे हे अजून ठरवलं नव्हतं.

फिलूची वस्ती उत्तनच्याही पुढे, गोराईच्या रस्त्याला. तिथे आपल्या महापालिकेची हद्द संपते आणि मुंबईची सुरू होते. वस्तीच्या तोंडाशी योजनेतली कमान उभी आहे. मात्र ती बसवताना उलटी बसली. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला 'पुन्हा या' दिसतं आणि गाव सोडून जाणाऱ्याचं सुस्वागतम होतं. कमानीपुढे पेंग्विनच्या आकाराची कचऱ्याची पेटी आहे. पेंग्विनच्या उघड्या चोचीत लोक माशांची डोकी टाकतात, म्हणून त्याच्या पोटात एक मांजर कायमचं राहायला आलंय. समुद्राकडे तोंड करून दोन बाकं ठेवली होती, पण नंतर कुणीतरी आपल्या जागेला भिंत घातली, आणि आता तिथे बसून भिंत बघता येते. मी बसून बघितली. गिलावा चांगला होता.

शेवटी सेल्फी पॉइंट. मोठी लाल अक्षरं, 'आय लव्ह', पुढे बदाम, आणि पुढे काहीच नाही. फिलूचा नवरा इनासभाऊ आम्हाला घ्यायला आला होता. त्याने कारण सांगितलं. पॉइंट दोन पाड्यांच्या मधोमध बसवला होता आणि नाव कुठल्या पाड्याचं घालायचं यावर मिटिंगा चालू होत्या.

"तोवर ज्याला ज्याच्यावर लव्ह हाय, त्याने त्याचा समजावा," इनासभाऊ म्हणाला. तो पूर्वी बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. जोक केला तरी चेहरा हलत नाही, त्यामुळे कधी हसायचं हे कळायला मला दोन दिवस लागले.

खोली खरंच छान होती. नवी फरशी, स्वच्छ चादर, खिडकीतून बांबूच्या मांडवांवर ओळीने लटकणारे बोंबील, आणि त्यांच्या मधल्या फटींतून समुद्र. 'स्थानिक संस्कृतीचं चित्र भिंतीवर हवं' अशी योजनेची अट होती, म्हणून पलंगामागची अख्खी भिंत रंगवलेली होती. भिंतीवर दाल सरोवर होतं. शिकारा, कमळं, मागे बर्फाचे डोंगर.

"पेंटरला बोललो, समुद्र काड," इनासभाऊ म्हणाला. "तो बोलला, पानी तर पानीच हाय."

मी कानटोपी आणली होती याचं मला पहिल्यांदा समाधान वाटलं.

मग संडास. तो जुना, घरच्या सगळ्यांचा, अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता. अंगणाच्या मधोमध एक कातळाचा दगड रोवलेला. तो हद्दीचा दगड. अलीकडे मीरा-भाईंदर, पलीकडे मुंबई.

"सकालचा मुंबैला जावा लागते," इनासभाऊ म्हणाला. "चप्पल घालून जा, वाटेला काटं हाय."

जेवायला भात, तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं आंबट, म्हणजे कालवण होतं. वर्षभरासाठी कुटून बाटलीत भरून ठेवलेल्या मसाल्याचा लाल रंग. आमच्याकडे बोंबील म्हणजे सुकलेला, कडक, तव्यावर वाजणारा. हा ताजा बोंबील जिभेवर ठेवला की आहे की नाही असा प्रश्न पडे. मी चौथी भाकरी मागितली तेव्हा फिलू निर्मलाला म्हणाली, "सर बोलतान कमी, पन जेवतान बरा." इतक्या वर्षांत माझं असं मोजकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

रविवार: आम्हीच प्रेक्षणीय

प्रवासाला माणूस काही बघायला जातो. रविवारी मात्र लोक आम्हाला बघायला आले. चर्चमधून सुटलेली अर्धी वस्ती फिलूच्या अंगणातून घरी गेली, ज्यांची वाट तिकडून नव्हती तेही. छान इस्त्रीचे कपडे, बायकांच्या केसांत फुलं, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "टूरिस्ट कुठे हाय?"

आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. एका म्हातारीने येऊन निर्मलाचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आपल्यासारकीच हाय." तिची निराशा झालेली स्पष्ट दिसत होती. मग तिने फिलूला विचारलं, गोरे टूरिस्ट कधी येणार. फिलू म्हणाली, "पयले हे संपू दे."

दुपारी मी एकट्याने फिरायला जायचं ठरवलं आणि मांडवांमधून वाट काढताना माझा शर्ट बांबूला अडकला. सोडवायला गेलो तर वाळलेल्या बोंबलांची एक रांग माझ्या खांद्यांवर आली. तशा अवस्थेत मी उभा असताना एका बाईने शांतपणे येऊन माझ्या अंगावरून एकेक बोंबील उचलला आणि पुन्हा बांबूला टांगला. शेवटचा बोंबील माझ्या कॉलरमध्ये होता, तोही तिने काढून घेतला. मी "थँक यू" म्हणालो. ती म्हणाली, "हलू नको म्हंजे झाला."

संध्याकाळपर्यंत मला वास येईनासा झाला. निर्मलाच्या मते वास तितकाच होता, मी त्यात सामील झालो होतो.

तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या फिलू पहिल्यांदा मनातलं बोलली. तिची टोपली तिच्या आईची. आधी चालत, मग बसने, मग टेम्पोने, भाईंदरला, मीरा रोडला, ऊन असो नसो. मुली लग्न होऊन वसईला गेल्या. इनासभाऊच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बोट बंद. "खोली चालली तर मी घरा बसून कमवेन," ती म्हणाली. "घरा बसून. मी कदी बसलीच न्हाय ताई. कसा बसतान ते पन शिकावा लागेल."

त्यानंतर निर्मलाने फिलूला उठून काही करू दिलं नाही. रात्रीची भाकरी तिनेच थापली, आणि ती तुटली.

सोमवार: तपासणी

मॅडम सकाळीच आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, सोलापूरकडच्या, हातात टॅबलेट, ओढणी नाकावर. बिचाऱ्या पूर्ण शाकाहारी होत्या आणि नोकरीने त्यांना किनारपट्टी दिली होती. त्यांनी खोली पाहिली, फरशी पाहिली, खिडकी मोजली. दाल सरोवरापुढे जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

"हे स्थानिक आहे?"

"पेंटर लोकल होता," इनासभाऊ म्हणाला.

मॅडमनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. मग आमच्याकडे वळल्या. मी चांगला शर्ट घातला होता. निर्मलाने साडी नेसली होती. आम्ही दोघं पर्यटकासारखे उभे होतो, म्हणजे हात कुठे ठेवायचे हे न कळल्यासारखे.

"कुठून आलात आपण?"

"सिल्व्हर पार्क, मीरा रोड," निर्मलाने अभिमानाने सांगितलं.

मॅडमचा हात थांबला. "म्हणजे याच महापालिकेतले? मग नाही चालणार हो. पाहुणा हद्दीबाहेरचा लागतो. हद्दीतला माणूस आला तर ते पर्यटन धरत नाहीत."

"मग काय धरतात?" मी विचारलं.

"येणं-जाणं," त्या म्हणाल्या.

फिलू भिंतीला टेकली. एका हाताने दुसरा खांदा धरून ती दाल सरोवराच्या काठावर उभी होती. निर्मलाचा आवाज मात्र चढला. "अहो मॅडम, आम्ही तीन तास बसने आलोय. बदलून बदलून. याला येणं-जाणं म्हणतात?"

"मला पटतंय ताई. पण मी नियम केला नाही."

विषय बदलायला म्हणून इनासभाऊ त्यांना अंगण दाखवायला घेऊन गेला. न्हाणीघर कुठे होणार ते दाखवलं, मग जुना संडास दाखवायला पुढे निघाला. मॅडम हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबल्या. टॅबलेटवर नकाशा उघडला, पुढेमागे सरकून पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्या पुढची तपासणी मला करता येत नाही. ते मुंबईत आहे."

फिलूने त्यांना आल्यापासून कोकम सरबताचे ग्लासावर ग्लास दिले होते. जरा वेळाने त्यांनी टॅबलेट निर्मलाच्या हातात दिला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. मग चप्पल घालून त्या स्वतःच दगड ओलांडून गेल्या. आम्ही सगळे सभ्यपणे समुद्राकडे बघत राहिलो.

परत आल्या तेव्हा त्या मवाळ झाल्या होत्या. "वाटेत काटे आहेत," म्हणाल्या. "इथे संडास व्हायलाच पाहिजे." मग विचार करून सांगितलं की पुढच्या वस्त्या करून उद्या दुपारी त्या याच रस्त्याने परत जाणार आहेत. तेव्हा हद्दीबाहेरचा एखादा माणूस या खोलीत खरोखर राहायला असेल, तर त्या तसं लिहितील. "पण खोटं नको. नुसता आणून बसवलेला मला ओळखू येतो."

त्या गेल्यावर मी म्हणालो, आता एवढ्यात बाहेरगावचा माणूस कुठून आणायचा. निर्मलाने फोन काढला होता.

"दिलीप दहिसरला राहतो," ती म्हणाली.

दहिसर आमच्या घरापासून उत्तनपेक्षा फार जवळ. भाजी आणायला जावं इतकं जवळ. पण मधे चेकनाका आहे, आणि नाक्यापलीकडे मुंबई. सरकारच्या हिशेबात माझा मेहुणा परदेशी पाहुणा होता.

मंगळवार: दहिसरचा पाहुणा

दिलीप हा निर्मलाचा धाकटा भाऊ. बाली, सिंगापूर, बँकॉक करून आलेला, आणि ते रोज थोडं थोडं सांगणारा. त्याला माशाच्या वासाने चक्कर येते. फोनवर तो म्हणाला होता, "ताई, उत्तनला कोण राहतं?" निर्मला म्हणाली होती, "तू."

तो गोराईच्या खाडीतून बोटीने आला आणि उरलेला रस्ता रिक्षाने. वस्तीत शिरला तो मुंबईच्या बाजूने, चाकांची बॅग खडकांवरून ओढत, गळ्यात विमानातली उशी अडकवून. हद्दीचा दगड त्याच्या बॅगेला लागला आणि एक चाक निघून मीरा-भाईंदरमध्ये आलं, ते उचलायला तो आत आला.

"भाऊजी," नाक दाबून तो म्हणाला, "इथे तुम्ही स्वखुशीने आलात?"

आम्ही आमचं सामान खोलीतून काढून फिलूच्या घरात हलवलं. दिलीप पलंगावर बसला, उठला, खिडकी लावली, पंखा लावला. मग इनासभाऊने त्याला विचारलं, बोटीतून चक्कर मारायची का, भावाची बोट आहे. दिलीपला वाटलं, पाण्यात वास कमी असेल. तो गेला.

तो परत आला तेव्हा दोघांनी धरलेला होता. रंग शेवाळासारखा. बोटीवरही मासळीच होती, आणि शिवाय बोट हलत होती. फिलूने त्याला लिंबू दिलं, मी इलेक्ट्रॉल दिलं. तासाभराने त्याने डोळे उघडले आणि खायला काही आहे का विचारलं. फिलूने भीत भीत भात आणि आंबट पुढे केलं. बोंबील आहे हे कुणी सांगितलं नाही. दिलीपने खाल्लं, आणखी मागितलं, पुन्हा मागितलं, आणि मग विचारलं, "हे काय आहे?"

"बोंबील," निर्मला म्हणाली.

दिलीपने ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "सिंगापूरला असं मिळत नाही." आणि जाऊन पलंगावर आडवा झाला.

मॅडम आल्या तेव्हा फिलू दारात उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आम्हाला कुणालाच काही बोलायची गरज पडली नाही. खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. मॅडमनी दार लोटलं. दाल सरोवराखाली, गळ्यात उशी अडकवलेला, मिशीला आंबटाचा लाल डाग, एका पायात मोजा आणि एका पायात नाही, असा माझा मेहुणा पसरला होता. शिकारा त्याच्या पोटावरून जात असल्यासारखा दिसत होता.

"कुठले हे?"

"दहिसरचे," फिलू म्हणाली.

"उठवू नका," मॅडम म्हणाल्या. "हे आणून बसवलेले नाहीत. असं कुणाला जमत नाही." आणि तिथेच उभ्याने त्यांनी टॅबलेटवर टिचक्या मारल्या. मग फिलूला म्हणाल्या, "मावशी, दुसरा हप्ता निघेल. तेवढं ते चित्र मात्र बदला."

फिलूने मान हलवली. मग ती आत जाऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, पाय पसरून, भिंतीला पाठ लावून. निर्मलाही जाऊन तिच्याशेजारी बसली. दोघी बराच वेळ तशाच बसल्या होत्या. चहा शेवटी मीच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दिलीप निघायला तयार नव्हता, त्याला इनासभाऊबरोबर जाळं विणायला बसायचं होतं. फिलू आम्हाला सोडायला स्टॉपपर्यंत आली. निर्मलाच्या पिशवीत तिने इतके बोंबील कोंबले होते की ती बंद होत नव्हती. तिने निर्मलाचा हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली.

बसमधून चारपाच जणांचा घोळका उतरला. पाठीला सॅक, डोळ्यांना गॉगल. उलट्या कमानीकडे बघत त्यातली एक मुलगी फिलूला म्हणाली, "आंटी, इधर देखने का क्या है?"

फिलूने निर्मलाचा हात सोडला. त्या मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी लोक किधर से आया?"

"अंधेरी."

"आंधेरी," फिलू म्हणाली, जसं कुणी पॅरिस म्हणावं. "देखने का बाद में. पयले चलो, जेवो."

आम्ही बसमध्ये चढलो, खिडकी मिळाली, हात बाहेर काढून हलवला. पण फिलू आमच्याकडे पाठ करून चालू लागली होती. घोळका तिच्यामागून निघाला होता, आणि त्या अंधेरीच्या मुलीला ती चालता चालताच खोलीचा भाव सांगत होती. तो आमच्या भावाच्या दुप्पट होता.